बायोडेटा: लग्नाचा आणि नोकरीचा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या मोरगावात काय, सुप्यात काय किंवा बारामतीत काय, झेरॉक्सच्या दुकानावर एक पाटी हमखास असते: 'बायोडेटा करून मिळेल.' आत जाऊन बायोडेटा हवा म्हटलं, की दुकानदार पहिल्यांदा विचारतो, "लग्नाचा की नोकरीचा?" दोन्हींचे साचे त्याच्या संगणकात तयारच असतात. एकावर गणपतीचं चित्र असतं, दुसऱ्यावर नसतं. बाकी फरक फारसा नाही. आज मला बोलायचंय ते या दुसऱ्या बायोडेटाबद्दल, म्हणजे नोकरीच्या कागदाबद्दल.

मी एका कारखान्याच्या भरती विभागात वीस-बावीस वर्षं काढली. रोजच्या टपालात आलेले, नंतर ई-मेलवर आलेले, आणि हल्ली तर व्हॉट्सअॅपवर आलेले हजारो बायोडेटा डोळ्यांखालून गेले. निवृत्तीनंतर मोरगावात राहतो. गावातली, आसपासच्या वाड्यांतली मुलं-मुली आपला कागद घेऊन येतात आणि म्हणतात, "काका, एवढं बघून द्या." ते बघता बघता काही गोष्टी मनात पक्क्या झाल्या. त्या आज तुमच्यासमोर ठेवतो.

बारामती म्हटलं, की बाहेरच्या माणसाला ऊस आणि पाट आठवतो. पण तालुक्याचा आमचा हा भाग जिरायती. कऱ्हेला पाणी असलं तर असलं. घरात पाच-सात एकर जमीन असूनही नोकरीचा पगार हाच खात्रीचा आधार, अशी असंख्य कुटुंबं इथं आहेत. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत तीनचाकी गाड्या तयार होतात, चॉकलेट तयार होतं, दुधाचे पदार्थ होतात, लोखंडाचे घडीव भाग होतात, कापड शिवलं जातं. जेजुरी, कुरकुंभ याही वसाहती आवाक्यातल्या. कारखाने जवळ आहेत, मुलंही शिकलेली आहेत. पण या दोहोंच्या मध्ये एक कागद आहे. तुम्ही गेटच्या आत जाण्याआधी तो आत जातो आणि तुमच्या गैरहजेरीत तुमच्याबद्दल बोलतो. म्हणून त्यानं काय बोलावं, हे आपण ठरवायला हवं.

आपल्याकडे हा कागद लिहायला कुणी शिकवत नाही. मग आपण तो उसना घेतो. माझ्या पाहण्यात तीन उसनवाऱ्या आहेत.

पहिली लग्नाच्या बायोडेटाची. त्यामुळे नोकरीच्या कागदावरही वडिलांचं नाव, आईचं नाव, भाऊ किती, बहिणी किती, जात, रास, उंची, शेती किती एकर, हे सगळं येतं. सोयरिकीसाठी हे ठीक आहे, तिथं घराणं बघायचं असतं. पण ज्याला वेल्डर हवा आहे, त्याला तुमच्या बहिणींची लग्नं झाली की नाहीत, याच्याशी काय करायचंय? उंची पोलीस भरतीत किंवा सुरक्षारक्षकाच्या कामाला विचारतात, तिथं लिहावी. जातीचा प्रवर्ग सरकारी अर्जात विचारतात, तिथं दाखल्याप्रमाणे लिहावा. कारखान्याच्या कागदावर यातलं काही नको.

दुसरी उसनवारी सरकारी अर्जाची. "मी अत्यंत गरीब कुटुंबातील असून घरची परिस्थिती हलाखीची आहे, तरी मेहेरबान साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा." घरकुल असो, शिष्यवृत्ती असो, असे अर्ज लिहून लिहून आपल्या हाताला तेच वळण लागलेलं आहे. परिस्थिती खोटी नसते. पण नोकरी देणारा मदत वाटायला बसलेला नसतो. त्याच्याकडे एक काम अडलेलं असतं आणि ते कोण करील, हे तो शोधत असतो. त्याला तुमची अडचण सांगितली, तर त्याला वाईट वाटेल आणि तो पुढचा कागद उचलेल.

तिसरी उसनवारी मित्राच्या बायोडेटाची. मित्राचा कागद घ्यायचा, नाव बदलायचं, फोटो बदलायचा, की झालं. मग वरच्या बाजूला तेच वाक्य येतं: आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीबरोबर स्वतःचीही प्रगती साधणे. एकेका गठ्ठ्यात हे वाक्य मी वीस वीस वेळा वाचलेलं आहे. छंद सगळ्यांचे तेच, वाचन, क्रिकेट आणि संगीत. एकदा तर पहिल्या पानावर एकाचं नाव आणि दुसऱ्या पानावर खाली सहीच्या जागी दुसऱ्याचंच नाव निघालं. असा कागद बाजूला पडतो, आणि त्या मुलाला कधी कळतही नाही की तो का पडला.

मग हा कागद असावा तरी कसा? 'रिझ्युमे' हा शब्द फ्रेंच. त्याचा अर्थ सारांश. सगळं आयुष्य सांगायचं नाही, सार सांगायचं. याचं जुनं उदाहरण म्हणून लिओनार्दो दा विंची या इटालियन चित्रकाराचं एक पत्र नेहमी सांगतात. साधारण १४८२ सालची गोष्ट. तेव्हा तो तिशीचा होता. मिलान शहराचा सत्ताधीश लुडोव्हिको स्फोर्झा याच्याकडे त्याला काम हवं होतं. स्फोर्झाला लढायांची चिंता. लिओनार्दोनं पत्रात काय लिहिलं? हलके, उचलून नेता येतील असे पूल मी बांधू शकतो. वेढ्याच्या वेळी खंदकातलं पाणी काढू शकतो. तोफा करू शकतो. शांततेच्या काळात इमारती बांधू शकतो, पाणी एका जागेहून दुसरीकडे नेऊ शकतो. आणि चित्रकला? ती आली अगदी शेवटी. ज्याचं चित्र बघायला आज जग लोटतं, त्यानं चित्रकला शेवटी लिहिली, कारण समोरच्याला तेव्हा पूल हवे होते. वर, शंका असेल तर करून दाखवतो, असंही त्यानं म्हटलं. मंडळी, यात घराण्याची कथा नाही, गयावया नाही आणि दुसऱ्याचं वाक्यही नाही. तुम्हाला काय हवं आहे आणि त्यातलं मला काय येतं, एवढंच आहे.

आता तुम्ही म्हणाल, लिओनार्दोला येत होतं, त्यानं लिहिलं. आमच्या पोरांनी काय लिहावं? अनुभवच नाही! हे "अनुभव नाही" मी फार ऐकलं आहे. त्यावर एक उदाहरण सांगतो.

शेजारच्या गावातली एक मुलगी आली होती. बी. कॉम. झालेली, लग्न झालेलं, तीन वर्षांचं लेकरू. कागदावर 'अनुभव' या शब्दापुढं लिहिलं होतं, 'नाही.' मी विचारलं, "बाई, शिक्षण संपल्यावर चार वर्षं काय करत होतीस?" म्हणाली, "काही नाही काका, घरीच." बोलता बोलता समजलं, की गावातल्या बारा बायकांच्या बचत गटाचं दप्तर तिच्याकडेच आहे. दरमहा प्रत्येकीचे दोनशे रुपये जमा करायचे, कुणाला कर्ज दिलं, कुणाचा हप्ता आला, व्याज किती, हे लिहायचं, बँकेत भरणा करायचा आणि पासबुकाशी वही ताडून बघायची. चार वर्षांत हिशेबावरून एकदाही भांडण नाही. याला 'काही नाही' म्हणतात का?

आम्ही तो 'नाही' खोडला आणि त्या जागी लिहिलं: 'बारा सदस्यांच्या महिला बचत गटाचे हिशेब ४ वर्षे सांभाळले. दरमहा जमा, अंतर्गत कर्ज व परतफेड यांच्या नोंदी. बँकेत भरणा. दरमहा पासबुकाशी ताळमेळ.' यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्या कागदावर तिला एका ठिकाणी मुलाखतीला बोलावलं आणि भांडारातल्या आवक-जावक नोंदींचं काम मिळालं. ती हुशार होतीच. कागदावर ते दिसत नव्हतं, एवढंच.

यावरून एक साधी रीत सांगतो. केलेलं काम लिहिताना तीन गोष्टी याव्यात: काय केलं, किती केलं आणि किती काळ केलं. 'मेहनती आहे', 'प्रामाणिक आहे', 'जबाबदारीने काम करतो' असं प्रत्येकजण लिहितो, त्यामुळे त्याला वजन उरत नाही. त्याऐवजी घडलेलं लिहा. एखादा मुलगा गावच्या दूध संकलन केंद्रावर बसतो. त्यानं लिहावं, की रोज दोन वेळा इतक्या उत्पादकांचं दूध मोजून घेतो, फॅट आणि एसएनएफ तपासतो, संगणकावर नोंद करतो. गाईच्या दुधाचा दर साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ धरून ठरतो, हे त्याला तोंडपाठ असतं. डेअरीच्या प्रकल्पात गुणवत्ता विभागाला असाच मुलगा हवा असतो. मयूरेश्वराच्या देवळाबाहेर हार-नारळाचं दुकान घरचं असेल आणि चतुर्थीच्या, भाद्रपद-माघाच्या गर्दीत ते मुलीनं सांभाळलं असेल, तर गिऱ्हाईक, माल आणि रोख तिघांचा अनुभव तिच्याकडे आहे. दुकानात, मॉलमध्ये, हॉटेलच्या स्वागतकक्षात हा अनुभव चालतो. ठिबकची लाइन जोडता येते, मोटार बंद पडली तर कारण सापडतं, हेही लिहिण्यासारखं आहे. फक्त ज्या कामाला त्याचा उपयोग आहे, त्या कामाच्या अर्जात.

आयटीआय झालेल्यांसाठी थोडं वेगळं. 'आयटीआय फिटर, प्रथम श्रेणी' एवढं लिहून थांबू नका. फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, वेल्डरचा एक वर्षाचा. या काळात हातानं काय काय केलं, ते लिहा. कोणती यंत्रं चालवली, कोणती मापनाची साधनं वापरली, रेखाचित्र वाचता येतं का. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली एखाद्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून काम केलं असेल, तर तो अनुभवच आहे. कारखाना, विभाग, महिने आणि प्रमाणपत्र, चारही लिहा.

पण इथंच एक सावधगिरी. जे लिहाल, त्यावर प्रश्न येतो. 'व्हर्निअर आणि मायक्रोमीटर वापरता येतो' असं लिहिलं, की समोरचा विचारणारच, "दोन्हींचं लघुतम माप किती?" नेहमीच्या व्हर्निअरचं ०.०२ मिलिमीटर, मायक्रोमीटरचं ०.०१. ज्यानं हातात धरलंय, तो क्षणात सांगतो. ज्यानं मित्राच्या कागदावरून उतरवलंय, तो छताकडे बघतो. आणि एकदा एक गोष्ट खोटी निघाली, की खऱ्या दहा गोष्टींवरही विश्वास राहत नाही.

खोट्या अनुभवाच्या दाखल्यांबद्दलही स्पष्ट सांगतो. पाच-सात हजारांत दाखला करून देणारे भेटतात. पण २०१४ पासून भविष्यनिर्वाह निधीसाठी कामगाराला एकच यूएएन क्रमांक असतो. कुठं, कधीपासून कधीपर्यंत काम केलं, ते त्या खात्यात दिसतं. कागदावर तीन वर्षं आणि खात्यात शून्य, असं निघालं तर हातची नोकरी जाते.

आता मधल्या रिकाम्या वर्षांचं. आपल्याकडे हजारो मुलं पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षा देतात. काही पोलीस भरतीसाठी वर्षानुवर्षं पहाटे सोळाशे मीटर पळतात. निवड झाली नाही, की ती वर्षं लपवायची कशी, याची त्यांना चिंता. लपवू नका. तारखांमधली फट वाचणाऱ्याला दिसतेच, आणि तो वाईटात वाईट अंदाज बांधतो. सरळ एक ओळ लिहा: 'या काळात राज्यसेवा परीक्षेची तयारी, पूर्वपरीक्षा उत्तीर्ण' किंवा 'पोलीस भरतीची तयारी, सोबत घरची शेती.' बाळंतपण, घरातलं आजारपण, शेती, ही कारणं लाजेची नाहीत. एका ओळीत सांगावीत आणि पुढं जावं.

कागदाची मांडणी फार अवघड नाही. नवख्यानं एक पान, अनुभवी माणसानं फार तर दोन. सर्वांत वर नाव, मोबाइल, ई-मेल आणि गाव-तालुका. त्याखाली दोन ओळींत तुम्ही कोण आणि कोणतं काम शोधताय. मग अनुभव असेल तर तो, नसेल तर शिक्षण. दोन्हींत अलीकडचं आधी. त्यानंतर येणारी कामं, यंत्रं, संगणकावर काय येतं, कोणत्या भाषा बोलता-लिहिता येतात. रंगीबेरंगी चौकटी, तीन प्रकारचे टाइप, फुलाफुलांच्या कडा नकोत. मोठ्या कंपन्यांत हल्ली कागद पहिल्यांदा संगणकच चाळतो, आणि चौकटींतला मजकूर त्याला नीट वाचता येईलच असं नाही.

नावाचं एक सांगायलाच हवं. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं, असं आपल्याकडे सर्रास असतं. मुलींचं लग्नानंतर आडनाव बदलतं, कधी नावही. नोकरी लागताना आणि पुढं भविष्यनिर्वाह निधी काढताना हेच अडतं. कागदावर दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे नाव लिहावं, आणि बाकीच्या कागदांत फरक असेल तर तो वेळीच दुरुस्त करून घ्यावा. नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जवळ ठेवावी.

फोन नंबर चालू असलेला द्या. चांगला मुलगा निवडला, फोन लावला आणि नंबर बंद, असं माझ्या काळात कितीदा झालं! आमच्या शिवारात रेंजचा भरवसा नसतो, म्हणून घरातला दुसरा एक नंबरही द्या आणि तो उचलणाऱ्याला सांगून ठेवा. ई-मेलच्या पत्त्यात 'किंग', 'डॉन', 'भाऊ' नको, नाव-आडनाव पुरे. फाइल पीडीएफ करून पाठवा आणि तिला स्वतःचं नाव व कामाचं नाव द्या. सगळ्यांच्या फाइलचं नाव 'न्यू बायोडेटा फायनल' असेल, तर तुमची सापडायची कशी?

भाषा कोणती, असं मुलं विचारतात. खासगी कंपन्यांत बहुधा इंग्रजी चालते. माझा सल्ला असा, की आधी मराठीत लिहा. काय सांगायचंय ते आपल्या भाषेत नीट सुचतं. मग सोप्या इंग्रजीत करा, कुणाची मदत घ्या. हल्ली संगणकाकडूनही असं लिहून मिळतं. हरकत नाही, पण कागदावरच्या प्रत्येक शब्दाचा अर्थ तुम्हाला सांगता आला पाहिजे. ज्या शब्दाला तुम्ही अडखळता, तो शब्द तुमचा नाही. तो काढून टाका.

आणि प्रत्येक जागेसाठी तोच कागद पाठवू नका. जाहिरात दोनदा वाचा. त्यात मागितलेल्या चार गोष्टींपैकी तुमच्याकडे असलेल्या तीन वर आणा. सोबत पाच ओळींचं पत्र जोडा: कोणती जागा, कुठं वाचली, तुमचं कोणतं काम तिला जुळतं, कधी रुजू होता येईल. बस.

काय लिहू नये, हेही ऐका. आधार क्रमांक, पॅन, बँक खातं यांना बायोडेटावर जागा नाही. ते निवड झाल्यावर मागतात. हा कागद कुणाकुणाच्या हातात फिरतो, हे आपल्याला माहीत नसतं. मूळ प्रमाणपत्रं दाखवावीत, कुणाकडे ठेवून येऊ नयेत. आणि नोकरीसाठी नोंदणी फी, गणवेशाची अनामत, 'साहेबांचे' पैसे मागणारा फोन आला, की तो ठेवून द्यावा. चांगली कंपनी भरतीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

कागद तयार झाला, की तो पोचवायचा कुठं? पूर्वी सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून कार्ड जपून ठेवायचे. आता राज्य शासनाच्या महास्वयम या संकेतस्थळावर नोंदणी होते. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस आहे, अप्रेंटिसशिपचं संकेतस्थळ वेगळं आहे. रोजगार मेळावे भरतात. २ मार्च २०२४ ला बारामतीत विद्या प्रतिष्ठानच्या आवारात असा मोठा मेळावा झाला होता. मेळाव्यात एकेका टेबलापाशी दोन-तीन मिनिटंच मिळतात. तिथं कागदाच्या दहा-पंधरा प्रती न्याव्यात आणि स्वतःबद्दलची चार वाक्यं तोंडात तयार ठेवावीत. कोणत्या कंपनीला कोणत्या तारखेला कागद दिला, हे वहीत लिहावं. आठ-दहा दिवसांनी एक नम्र फोन करायला हरकत नाही.

शेवटी एक आई-वडिलांसाठी. पोराला दहा ठिकाणांहून उत्तर आलं नाही, तर "तुझ्यातच काही नाही" असं म्हणू नका. न येणाऱ्या उत्तरांची कारणं पुष्कळ असतात. जागाच भरलेली असते, कधी कागद उघडलेलाही नसतो. त्याऐवजी आज रात्री जेवणं झाल्यावर एक वही घ्या आणि सगळ्यांनी मिळून आठवा, की या पोरानं किंवा पोरीनं गेल्या पाच वर्षांत काय काय केलं. घरातल्या माणसांना अशा गोष्टी आठवतात, ज्या त्याला स्वतःला कामच वाटत नाहीत. आजीला आठवेल, मामाला आठवेल. वीस ओळी होतील. त्यातल्या सहा-सात कागदावर जातील. झेरॉक्सच्या दुकानात मग तो साचा मागायला जाणार नाही, लिहिलेला मजकूर घेऊन जाईल.